मास्तर, कादंबरीत नाव घाला

तरवडी हे गाव वालचंदनगर आणि भवानीनगर यांच्या मधोमध, दोन्हीकडच्या साखरेचा वास येईल पण गोडी लागणार नाही, अशा बेताने वसलेलं आहे. गावात पुढारी मुबलक, पैलवान पुरेसे आणि भजनी मंडळं दोन, कारण एकात सगळ्यांचं पटलं नाही. लेखक मात्र एकही नव्हता, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. अशा गावात बुद्धघोष मिसाळ कादंबरीकार झाला. तोही कुमारांचा. म्हणजे ज्यांना लहान म्हणून मांडीवर घेता येत नाही आणि मोठं म्हणून पंक्तीत बसवता येत नाही, अशा अर्धवट वयाच्या पोरापोरींचा.

त्याची खरी नोकरी एसटीत कंडक्टरची. या भागात कंडक्टरला मास्तर म्हणतात, त्यामुळे खाकी कपड्यातल्या या माणसाला शाळेतल्या मास्तरापेक्षा जास्त लोक मास्तर म्हणायचे. वडील नाना वालचंदनगरला कंपनीत हेल्पर होते. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा नाना शाळकरी पोर होते, आणि पुढे स्वतःला मुलगा झाल्यावर त्यांनी हौसेने पाली ग्रंथांवर भाष्यं लिहिणाऱ्या पंडिताचं नाव त्याला ठेवलं. गावाच्या जिभेला ते पेललं नाही. गावाने 'बुदा' करून टाकलं आणि विषय मिटवला.

आता कंडक्टर लेखक कसा झाला, तर शिस्तीपायी. संध्याकाळची इंदापूर-बारामती गाडी वालचंदनगरला आली की पासवाली शाळकरी पोरं तिच्यात घुसायची आणि आत जागा असली तरी दारातच लोंबकळायची. बुद्धघोषने ओरडून पाहिलं, पास काढून घेण्याची धमकी दिली, एकदोघांचे कान पिळले. पोरं दुसऱ्या दिवशी कान लाल असतानाच दारात. शेवटी एकदा तो घंटीची दोरी हातात धरून नुसताच म्हणाला, "एक पोरगी कालव्यावर गेली. तर पान्याखालनं सायकलची घंटी वाजली."

आणि गप्प बसला.

"पुढं?" दारातनं आवाज आला.

"पुढचं आत बसनाऱ्यासाठी हाय."

पोरं आत बसली. त्या दिवसापासून रोज वालचंदनगर ते तरवडी एवढी गोष्ट व्हायची. गाडी कुठे उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकली तर पोरांना आनंद, मास्तरच्या मात्र नाकी नऊ यायचे, कारण पुढचं त्यालाच ठाऊक नसायचं. साप्ताहिक सुट्टीला तो हे सगळं लिहून काढू लागला. लिहिलेलं त्याने पुण्याला मुलांची पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशनाकडे पाठवलं. तिथल्या संपादक देवस्थळीबाई करड्या. त्यांनी दोनदा परत पाठवलं, एकदा 'तेवढ्यात' हा शब्द फार आला म्हणून आणि एकदा शेवट रविवारी घाईत लिहिल्यासारखा वाटतो म्हणून. तो रविवारीच लिहिला होता. तिसऱ्यांदा मात्र छापलं, आणि त्र्याण्णव साली 'कालव्यातली सायकल' ही कुमार-कादंबरी बाहेर आली.

बायको अंजली गावातल्या बौद्धवस्तीवरची बालवाडी चालवायची. तिने पुस्तक एका बैठकीत वाचलं आणि म्हणाली, "बरं हाय." लग्नानंतर महाबळेश्वर दाखवलं तेव्हाही ती एवढंच म्हणाली होती, त्यामुळे बुद्धघोष हरखला.

गावाने पुस्तकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तसंच राहिलं असतं तर फार बरं झालं असतं. पण कुंडलिक न्हाव्याच्या दुकानात एक प्रत गेली, आणि कुंडलिकला गिऱ्हाईकाच्या गालावर साबण वाळत ठेवून मोठ्यांदा वाचायची खोड. वाचता वाचता तो एका जागी अडखळला. कादंबरीतल्या गावाचा सरपंच मोठ्या मिशांचा होता आणि बोकडाला भ्यायचा. बोकड दिसला की चावडीच्या ओट्यावर चढायचा.

दुकानात जो हशा उठला तो कालव्यापलीकडे ऐकू गेला. कारण तरवडीचे सरपंच मानसिंगराव गेल्याच्या गेल्या साली एका बोकडापुढे पळत येऊन ओट्यावर चढलेले साऱ्या गावाने पाहिले होते. बुद्धघोषने ते मुद्दाम लिहिलं नव्हतं. गाडीत पोरं हसली म्हणून ते गोष्टीत राहून गेलं, आणि गोष्टीतनं पुस्तकात उतरलं.

संध्याकाळी निरोप आला की सरपंच वस्तीवर येत आहेत. बुद्धघोषने भाकरीचं ताट बाजूला सारलं. मानसिंगराव वस्तीवर यायचे ते मतं मागायला, आणि निवडणूक तर लांब होती. आई अक्काबाई चुलीपुढून म्हणाली, "व्हायचं ते हुईल. तू भाकरी खाऊन घे आदी. मार खायला बी अंगात ताकद लागती."

मानसिंगराव दोन माणसं घेऊन आले, खाटेवर बसले, चहा घेतला. काखेतनं पुस्तक काढलं. खुणेला त्यात ज्वारीचं पान घातलं होतं.

"हे तू लिवलंस?"

"व्हय आबा. पर त्ये तुमी न्हाय. त्ये असंच आपलं..."

"मी न्हाय कसं? बोकाड माझ्या मागं लागलं का तुझ्या?" मानसिंगरावांचा आवाज चढला. "मीच हाय त्यो. मग नाव का न्हाय घातलं? नुसतं सरपंच, सरपंच! उद्या दुसरा कोन सरपंच हुईल आन म्हनंल, त्यो मीच. मग आमी काय करायचं?"

नाना भिंतीला टेकून उभे होते, ते हळूच खाली बसले.

इथे या भागाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर मानसिंगराव खुळे वाटतील, आणि ते खुळे नव्हते. या मुलखात छापील कागद म्हणजे लग्नपत्रिका. पत्रिका चांगली चादरीएवढी असते. तिच्यात नवरानवरीची नावं बोट फिरवून शोधावी लागतात, कारण बाकी सगळी जागा निमंत्रक, कार्यवाहक, स्वागतोत्सुक आणि विशेष उपस्थिती यांनी व्यापलेली असते. कोण वर, कोण खाली, कुणापुढे कुठलं पद, यावर रात्र रात्र बैठका होतात. आणि नाव राहिलं तर? तरवडीत एका घराने दुसऱ्या घरचा चहा सोडला तो कार्यवाहकांत नाव राहिलं म्हणून. त्या लग्नातल्या जोडप्याला आता नातवंडं झाली, चहा अजून बंद आहे. तेव्हा गावाचा हिशेब सरळ होता. कादंबरी छापून आली, म्हणजे ती पत्रिकाच, फक्त जाड. तिच्यात आपली टिंगल झाली तर ते चालतं, टिंगल काय घरचे लोकही करतात. पण तिच्यात आपण नाहीच, हे कसं खपवून घ्यायचं?

आणखीही एक होतं. त्या चादरीएवढ्या पत्रिकांत बौद्धवस्तीतलं नाव कधी आलं नव्हतं. शेवटी 'समस्त ग्रामस्थ' असं छापलेलं असे, आणि त्यात आपणही मावलो असं वस्तीने आपलं समजून घ्यायचं. त्या वस्तीवर येऊन, त्या वस्तीच्या पोराला सरपंच म्हणत होते, माझं नाव घाल. बुद्धघोषला गोड वाटलं. खोटं कशाला बोला, फार गोड वाटलं. त्या रात्री नानांनी जेवताना भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून तीनदा विचारलं, "काय म्हनला त्यो? पुन्ना सांग."

घोळ झाला तो इथे. कारण बुद्धघोषच्या मनात दुसरी कादंबरी तयार होती, आणि ती गावाची नव्हती. ती त्याच्या थोरल्या बहिणीची होती.

जयवंता अक्का सातवीत वर्गात पहिली आली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न मोरगावला करून दिलं. स्थळ चांगलं होतं, नानांच्या मते. दाजीही बरा माणूस. पण शाळा सुटली ती सुटली, आणि अक्का त्या कोरडवाहू माळावर बाजरी आणि शेळ्या यांच्यात आयुष्य काढत होती. बुद्धघोषच्या कादंबरीत ती सारजा झाली. सारजा लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तीन मैत्रिणींच्या मदतीने उसाच्या बैलगाडीत लपते आणि थेट शाळेच्या मोठ्या बाईंच्या दारात जाऊन उतरते. बाकी सगळी गंमतच गंमत, पण पोरगी पळते आणि शिकते एवढं खरं. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं, अंजलीलासुद्धा नाही. जे घडायला हवं होतं ते निदान पुस्तकात तरी घडावं, यासाठी त्याचा जीव तुटत होता.

पण आता गावाला वास लागला होता की मास्तर दुसरं पुस्तक लिहितोय. लोक काम नसताना गाडीत बसू लागले. वालचंदनगरच्या बाजारात भाजी विकणारी कुशाबाई तिकीट घेता घेता म्हणाली, "मास्तर, मला घे बाबा. नाव घाल, पर वय लिवू नगं." भीमातात्यांना पुस्तकात मरायचं होतं, तेही वाघाशी झुंजून. या तालुक्यात वाघ नाही म्हटल्यावर ते कोल्ह्यावर तयार झाले, पण मरायचं नक्की. सरपंचांचा पुतण्या विजयसिंह याला स्वतःचं नाव नको होतं, नव्या ट्रॅक्टरचं हवं होतं. गाडीचा ड्रायव्हर संभाजी म्हणाला, "मी रोज तुझ्यापुढं बसतो, मला आदी घे." कुंडलिक न्हाव्याचं म्हणणं, सगळं प्रकरण माझ्या दुकानातनं सुरू झालं, तेव्हा मला दोन पानं.

भीड ही भिकेची बहीण, हे बुद्धघोष दुसऱ्याला सांगायचा. स्वतः मात्र प्रत्येकाला म्हणाला, "बगू." या भागात 'बगू' म्हणजे हो. आणि नाना घरी रोज आठवण करायचे, "घाल सगळ्यास्नी. पर आपली वस्ती आदी, ध्यानात ठेव."

सारजाची उसाची गाडी चाळिसाव्या पानावर निघाली आणि तिथेच अडकली. दर वळणावर कोणीतरी उभं. भीमातात्यांनी कोल्ह्याशी झुंज घेतली, कुशाबाईने भाजी दिली, विजयसिंहच्या ट्रॅक्टरने गाडी चिखलातनं ओढून काढली आणि परत चिखलात घातली, कारण त्याच्या भावाचाही ट्रॅक्टर होता. मानसिंगराव बोकडाला शिंगांनी धरून उलटा करताना दाखवायचे ठरले होते, ते दाखवले. दर घरी चहा झाला. एकशे दहाव्या पानापर्यंत सारजा बिचारी उसाखाली दबून पडून राहिली, तिला कुणी पाणीही विचारलं नाही.

ही प्रकरणं बुद्धघोष गाडीत सांगत होता. पहिले चार दिवस पोरं ऐकत होती. पाचव्या दिवशी नववीतली रेश्मा म्हणाली, "मास्तर, सारजा कुठं गेली?"

"हाय की गाडीत."

"मग ती का काय करत न्हाय?"

"लोक भेटत्यात, त्यांचं झालं की निगंल."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं उठून दारात जाऊन लोंबकळू लागली. बुद्धघोषने कान पिळले नाहीत. त्याला कळलं की त्याचीच गोष्ट बिघडली आहे. तरीही त्याने ते बाड पुण्याला नेऊन दिलं, कारण गावाला तोंड दाखवायचं होतं.

देवस्थळीबाईंनी पंधरा दिवसांनी बोलावून घेतलं. चष्मा कपाळावर ढकलून त्या म्हणाल्या, "मिसाळ, हे काय आहे? कादंबरी आहे की मतदार यादी? ही मुलगी चाळिसाव्या पानावर गाडीत बसते आणि मग तुम्ही तिला चक्क विसरता."

"विसरलो न्हाय बाई. लोकांनी वाट अडवलीय."

"मग लोकांना बाजूला करा. ही सारजा फार चांगली आहे. ही तुम्हाला कुठे भेटली?"

बुद्धघोष बाडाची दोरी बांधू लागला. पुण्याच्या कचेरीत रडणं बरं दिसत नाही.

लोकांना बाजूला करा, हे बाईंना म्हणायला सोपं होतं. गावात तोवर प्रकाशन सोहळा ठरला होता. मंडपवाल्याशी बोलणं झालं होतं. शाल ठरली होती, श्रीफळ ठरलं होतं, त्यावर नानांनी नारळ फोडणार नाही पण खायला हरकत नाही, एवढंच ऐकवलं होतं. आता पुस्तकात कुणीच नाही असं निघालं, तर घराघरातला चहा बंद व्हायचा, आणि पुन्हा वस्ती ती वस्ती, गाव ते गाव. लोकांना ठेवलं तर सारजा गाडीतच मरणार होती. इकडे आड आणि तिकडे विहीर अशी त्याची अवस्था. दोन आठवडे तो तिकिटं चुकीची फाडत होता आणि घरी आल्यावर भिंतीकडे बघत बसत होता.

शेवटी अंजली वैतागली. ती बालवाडीच्या पोरांच्या उसळीसाठी मटकी निवडत होती. "आवं, सांगा तरी काय झालंय."

त्याने सगळं सांगितलं. सारजा कोण, हेही सांगितलं. अंजलीने मटकीतला खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाली, "त्यास्नी कादंबरीत कुटं यायचंय? वाचनार हायत का ते? त्यास्नी छापून यायचंय. मग छापा की. गोष्ट संपली की मागं दोन पानं पत्रिका छापा. आन पोरीला आता जाऊ द्या तिच्या वाटंनं."

बुद्धघोष उठून उभा राहिला. मटकीचं सूप लवंडलं. त्यावर ती जे बोलली ते पुस्तकात छापण्यासारखं नाही.

त्याने चाळीस ते एकशे दहा ही पानं काढून टाकली. गाडी चाळिसाव्या पानावर निघाली ती रातोरात शाळेशी पोचली. देवस्थळीबाईंना दोन पानांची पत्रिका पटेना. "परिशिष्ट म्हणायचं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाय बाई. परिशिष्टात नावं टाकली असं गावात कळलं तर मारतील. निमंत्रक म्हना."

पण पत्रिका म्हटली की मानपान आला. कोण वर आणि कोण खाली? बैठकीला बसलं असतं तर शतक उलटलं असतं. इथे मात्र बुद्धघोषमधला कंडक्टर कामाला आला. त्याने जाहीर केलं, नावं गाडीच्या क्रमाने. इंदापूरकडनं गाडी तरवडीत शिरते, तशी जी घरं लागतील तशी नावं. यात कुणाचा पक्षपात नाही, रस्ता सरकारी आहे. गावाने मान डोलावली. मान डोलावून झाल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं की इंदापूरकडनं शिरताना सगळ्यात आधी बौद्धवस्ती लागते आणि मानसिंगरावांचा मळा सगळ्यात शेवटी.

मानसिंगराव तावातावाने आले. "आरं, मंग गाडी बारामतीकडनं येऊ दे की!"

"आबा, मी हिकडनं गोष्ट सांगत येतो. उलट्या गाडीला पोरं नसत्यात."

मानसिंगरावांनी मिशी कुरवाळली. "दुसरी आवृत्ती निगती का ह्याची?"

"निगंल की."

"ती बारामतीकडनं काढायची. शब्द दे."

त्याने शब्द दिला. पंचाण्णवच्या माघ महिन्यात चावडीपुढच्या मंडपात 'सारजा पळाली' बाहेर आलं. प्रती वाटल्या आणि सबंध गावाने पुस्तक मागून उघडलं. तरवडीच्या इतिहासात पहिल्यांदा सगळं गाव एका वेळी गप्प बसून वाचत होतं. कुशाबाईने आपलं नाव शोधून घेतलं, पुढे वय नाही हे दोनदा तपासलं. भीमातात्यांनी विचारलं, "मी मेलो का?" कुंडलिक म्हणाला, "न्हाय तात्या, निमंत्रक हाय तुमी." तात्या जरा हिरमुसले. पत्रिकेच्या माथ्यावर पहिलं नाव होतं नानांचं, दुसरं अक्काबाईचं, आणि मग सगळी वस्ती ओळीने. नानांनी चष्मा पुसला, परत वाचलं, परत पुसला. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. अक्काबाई म्हणाली, "येवढं काय त्यात? नाव तर रोजचंच हाय." पण ती मंडपातनं शेवटी उठली.

दुसऱ्या दिवशी घरोघर शेवटची दोन पानं पुस्तकातनं फाडून भिंतीवर लागली. कुणी काच लावली, कुणी भाताची खळ. उरलेलं पुस्तक कुणालाच नको होतं, म्हणून ते पोरांच्या हाती गेलं. बुद्धघोषला हवं होतं ते आपसूक झालं. गाडीत शेवटची पानं नसलेली पुस्तकं घेऊन पोरी वाचत बसू लागल्या आणि गोष्ट सांगणाऱ्या मास्तरला म्हणू लागल्या, "जरा गप बसा की मास्तर, वाचू द्या."

पण त्याचा जीव लागेना. जिच्यासाठी लिहिलं तिने अजून पाहिलं नव्हतं. अक्काच्या शेळ्या व्याल्या होत्या म्हणून ती सोहळ्याला आली नव्हती. पुढच्या सुट्टीला तो एक प्रत घेऊन मोरगावला गेला. एसटीत प्रवासी म्हणून बसला होता, तरी हात सारखा दोरीकडे जायचा.

अक्का अंगणात होती. तिची मुलगी दिशा नववीत, ती शाळेत गेलेली. त्याने पुस्तक दिलं. कशावरचं आहे ते सांगायचं धाडस झालं नाही. अक्काने कव्हरवरून पदर फिरवला, "माझ्या भावाचं" असं, अंगणात तिसरं कुणी नसताना, कुणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाली, आणि शेळ्या घेऊन माळावर गेली. पुस्तक घेऊनच गेली. बुद्धघोष मागोमाग जाऊन जरा लांब एका दगडावर बसला. सातवी पास होती अक्का, सावकाश वाचायची, पण एकही ओळ सोडायची नाही. मध्ये एक शेळी लोकांच्या बाजरीत शिरली, तिला हाकललं, परत येऊन त्याच पानावर बसली. मध्ये एकदा ती खळखळून हसली. सारजाच्या तिघी मैत्रिणी आल्या असणार. मग बराच वेळ हसली नाही. बुद्धघोषच्या तळहाताला घाम फुटला होता. एवढा घाम त्याला मानसिंगराव आले तेव्हाही फुटला नव्हता.

ऊन उतरलं तेव्हा तिने पुस्तक मिटलं. मग पुन्हा उघडून शेवटची दोन पानं पाहिली. बोट फिरवत सगळी नावं वाचली, वस्तीपासून मानसिंगरावांच्या मळ्यापर्यंत. आणि तेव्हा बुद्धघोषच्या ध्यानात आलं. सगळ्या गावाची नावं घातली होती, विजयसिंहचा ट्रॅक्टर घातला होता, पण अक्काचं नाव राहिलं होतं. ती तरवडीची राहिली नव्हती ना. लेक दिली की ती गाडीच्या वाटेवर लागत नाही.

"अक्का," तो म्हणाला, "तुझं नाव राहिलं. चुकलं माझं. दुसऱ्या आवृत्तीत पहिलं तुझं घालतो."

"हितं कशाला?" अक्का म्हणाली. "मी आत हाय की सगळी."

अक्काने शेळीच्या पिलाला जवळ ओढलं आणि त्याच्या पाठीवरची कुसळं काढू लागली.

"पळून जायचं मला सुचलं न्हवतं बग," ती म्हणाली. "सुचलं असतं तर गेले असते. ऊस तर दारातनंच जायचा. बरं केलंस, तू नेलंस तिला." तिने एक कुसळ फुंकून उडवलं. "पर एक चूक केलीस. शाळेचं दप्तर काढून घेत्यात तवा ही सारजा रडती, असं लिवलंयस."

"मग?"

"मी रडले न्हवते. मी दप्तर दिलं आन भाकरी थापाय बसले. रडत हुतास तू. दाराच्या मागं बसून. तुला वाटलं मला दिसत न्हाय."

बुद्धघोषला ते अजिबात आठवत नव्हतं. मग आठवलं.

सत्त्याण्णव साली दुसरी आवृत्ती निघाली. शब्द दिल्याप्रमाणे नावं बारामतीकडून घातली आणि मानसिंगराव पहिले आले. त्यांनी त्या आनंदात गावजेवण घातलं. या गडबडीत आतलं एक पान बदललंय, हे कुणी पाहिलं नाही. फक्त देवस्थळीबाईंनी विचारलं होतं की या प्रसंगात हा लहान भाऊ नवीन कुठून आला, आणि रडतो तो का, एकटाच. बुद्धघोषने सांगितलं, "तो पहिल्यापासनं तिथंच होता बाई."